१३०० सीसी टर्बो डिझेल, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) ऑइल येतंय. कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवून साठवणारा डबा) बसवू का? (बजेट ३ हजार)

रावेरकर_८५
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची, १ लाख ८४ हजार किलोमीटर झालेली, रावेर–जळगाव रोजचं जाणं-येणं. परवा एअर फिल्टर बदलताना टर्बोकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं, तर बोट काळंकुट्ट आणि ओलं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) खालच्या क्लिपपाशी ऑइल पाझरून त्यावर धूळ बसली आहे, नखाने खरवडावी लागते. पिकअप ठीक आहे, धूर फक्त कन्नडचा घाट चढताना दिसतो. मिस्त्री म्हणतो, जुन्या डिझेलला येतंच, चालू द्या. माझं मन मानत नाही. कॅच कॅन कोणता घेऊ? फिटिंग धरून ३ हजार. गाडी वडिलांची आहे, विकायची नाही, हे आधीच सांगतो.

भुसावळ_डिझेल
३ हजारात या भानगडीत पडूच नको भो. मी १४ हजारांचा बाहेरून मागवलेला कॅन बसवलाय, आत फिल्टर एलिमेंट आहे. दोन वर्षं झाली, इंटरकूलरचे पाइप आतून कोरडे. एकदाच पैसे घाल आणि मोकळा हो.

यावलचे_नाना
आमच्या जीपचा ब्रीदर पाइप खाली चॅसीकडे सोडून दिला होता. वीस वर्षं चालली. एक रुपया लागला नाही. कॅन वगैरे काही नको.

धुळे_गॅरेज
नाना, तुमच्या जीपला टर्बो नव्हता आणि तेव्हाचे नियमही वेगळे होते. आज पाइप उघडा सोडणं प्रदूषण नियमात बसत नाही. शिवाय ऑइलचा वास एसीतून थेट गाडीत येतो.
रावेरकर, आधी काय होतं ते समजून घ्या. पिस्टन रिंगच्या बाजूने थोडा गॅस खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो ऑइलची वाफ घेऊन टॅपेट कव्हरवरून टर्बोच्या तोंडाशी जातो. वाफ पुढे इंटरकूलरमध्ये साचते, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) ईजीआरच्या, म्हणजे इंजिनात परत सोडलेल्या धुराच्या, काजळीला भेटते आणि डांबर होतं. म्हणजे पाइपात थोडा ओलावा चालतो, थेंब गळणं चालत नाही.
कॅनच्या आधी तीन गोष्टी बघा. इंजिन थंड असताना, सपाट जागेवर ऑइलची लेव्हल. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवा. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांजवळून जास्त गॅस खाली येतोय, रिंगांचं काम निघेल, कॅनने काही होणार नाही. तिसरं, ब्रीदरच्या सेपरेटरमधला (वाफेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) रबरी पडदा फाटलाय का.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
ऑइल कोणतं टाकता? मी १५डब्ल्यू४० टाकायला लागलो तेव्हापासून ऑइल खाणं कमी झालं.

भुसावळ_डिझेल
कंपनी ५डब्ल्यू३० सांगते तर १५डब्ल्यू४० कशाला? माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून ५डब्ल्यू३० च आहे.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
तुमचं भुसावळ मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं, तिथे पातळ ऑइल कसं टिकेल?

धुळे_गॅरेज
पुस्तकात जे ग्रेड दिलंय तेच. त्यासाठी वेगळा धागा काढा.

अमळनेर_बापू
लेव्हलचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. माझ्या चुलतभावाच्या गाडीत कोणीतरी लिटरभर ऑइल जास्त भरलं. लळिंग घाटात इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं, मागे पांढरा धूर, चावी बंद केली तरी थांबेना. डिझेल बंद झालं होतं, इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पेटवत होतं. त्याने ब्रेक दाबून धरला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठे बंद पडलं. इंजिन गेलं, पण माणूस वाचला. हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

भुसावळ_डिझेल
म्हणूनच सांगतो, चांगला कॅन घ्या.

धुळे_गॅरेज
चांगला म्हणजे महाग नव्हे. आत जाळी किंवा आडवे पत्रे हवेत, नाहीतर वाफ एका नळीतून येते आणि दुसऱ्या नळीतून तशीच जाते. नळ्या मूळ पाइपाएवढ्याच रुंद हव्यात. बारीक नळी टाकली की प्रेशर अडतं आणि सील फाडून ऑइल बाहेर येतं. टर्बोचं ऑइलही खाली उतरेनासं होतं. घरी कोणी भांड्याच्या तारेची घासणी कोंबली तर तिचा तुकडा टर्बोत जाऊ शकतो. माझं मत, घरगुती कॅन नको. बजेटमध्ये बसत असेल तर सेपरेटर बदला आणि इंटरकूलर धुऊन घ्या.

रावेरकर_८५
मंडळी, आभार. लेव्हल बघितली, वरच्या खुणेच्या बोटभर वर होती. अर्धा लिटर काढलं. झाकण थरथरलं, उडालं नाही. रबरी पडदा शाबूत आहे. इंटरकूलर उतरवून धुतला.
कॅन मात्र बनवूनच घेतला. शाळासोबती लेथवर काम करतो, त्याने स्टीलच्या नळकांड्यात तीन आडवे पत्रे वेल्ड केले, नळ्या मूळ मापाच्याच ठेवल्या, खाली पितळी कॉक. घासणी घातली नाही. २,२०० रुपये लागले. धुळ्याच्या दादांचं मत मोडलं, पण मला आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं होतं. ४०० किलोमीटरनंतर रविवारी सकाळी कॉक उघडला. तीन-चार चमचे निघालं, दुधाच्या चहासारखं, खाली पाणी, वर ऑइल. सध्या थंडी आहे, म्हणून पाणी जास्त असावं. पाइप काढून पुन्हा बोट फिरवलं, बोट नुसतं ओलसर.

यावलचे_नाना
कॉकचं माप कळवा. आमच्याही पोराच्या गाडीला बसवतो.