मदत हवी आहे: बहिणींची नावे सातबाऱ्यावर 'इतर हक्कात', महामार्गाच्या मोबदल्याची नोटीस फक्त भावांना

बांधकरीण:
नमस्कार. ओळखीतल्या एका ताईंसाठी विचारतेय. जाणकारांनी कृपया क्रमाने सांगावे.

जमीन ३ हेक्टर २० आर, एकच गट, जिरायत. आजोबांकडून वडिलांकडे आलेली. वडील १९९८ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. १९९९ च्या वारस फेरफाराने दोन्ही भाऊ कब्जेदार सदरी (जमीनधारकांच्या रकान्यात) आले. आई आणि दोन्ही बहिणी इतर हक्कात, 'वारस' एवढाच शेरा. थोरली बहीण २०११ मध्ये गेली (नवरा, एक मुलगा, एक मुलगी हयात). आई २०१५ मध्ये गेली. दोघींची नावे सातबाऱ्यावर अजून तशीच आहेत. थोरलीचं लग्न १९८९ चं, धाकट्या ताईंचं १९९२ चं.

आता राष्ट्रीय महामार्गात ४० आर जातंय. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३(जी) ची, म्हणजे मोबदला ठरवण्याची नोटीस भावांच्या नावे आली आहे. भाऊ म्हणतात, हक्कसोडपत्रावर सही कर, नाहीतर सगळ्यांचेच पैसे अडकतील. तलाठी कार्यालयात सांगितलं की लग्न १९९४ च्या आधीचं, म्हणून वडिलोपार्जित जमिनीत हक्कच नाही.

हक्क आहे का? असल्यास किती? आणि आधी काय करायचं?

नमुना_सहा:
आधी काय करायचं नाही ते. सही करायची नाही. हक्कसोडपत्रावर नाही, कोऱ्या स्टॅम्पवर नाही, 'फक्त वारस नोंदीसाठी' म्हणून पुढे केलेल्या मुखत्यारपत्रावरही नाही. नोंदणीकृत हक्कसोड झालं की ते फसवून घेतलं हे दिवाणी कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, आणि त्यालाही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत असते.

१९९४ चं म्हणणं अर्धवट आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित जमिनीत जन्मानेच हिस्सेदार) केलं होतं आणि त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं, हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं बदललेलं कलम ६ लागू आहे. त्यात लग्नाची अट नाही. वडील त्या तारखेला हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात स्पष्ट केलं. तरी चावडीत अजून १९९४ च सांगतात.

आज उद्यात करायची दोन कामं:

१) भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत. नोटिशीवर ज्यांची सही आहे तेच, बहुधा प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी. ३(जी) च्या जाहीर नोटिशीत 'सर्व हितसंबंधितांनी' हजर व्हावं असं म्हटलेलं असतं. इतर हक्कात नाव असलेली वारस ही हितसंबंधितच.

२) तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज. १९९९ च्या फेरफाराची नक्कल, आणि त्याबरोबर त्याची संचिका: वर्दी (वारसाची खबर), जबाब, नमुना ९ ची (हरकती मागवणारी) नोटीस आणि तिची पोच. लोक नुसता फेरफार आणतात. खरी गोष्ट संचिकेत असते.

आणेवारी:
हिश्श्याचं गणित मांडतो, कारण भावांचा वकील जुनं गणित पुढे करणार.

जुनी पद्धत: १९९८ ला वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी काल्पनिक वाटप धरायचं. वडील, आई, दोन मुलगे, प्रत्येकी १/४. मग वडिलांचा १/४ पाच वारसांत, प्रत्येकी १/२०. आईकडे १/४ + १/२० = ६/२०. आई गेल्यावर तो चार मुलांत, प्रत्येकी ६/८०. म्हणजे मुलीला १/२० + ६/८० = १/८ आणि मुलाला ३/८.

विनीता शर्मानंतर: ते काल्पनिक वाटप म्हणजे प्रत्यक्ष वाटप नव्हे. मुलगी जन्मानेच सहदायाद. आज वडील आणि आई दोघंही नसल्यामुळे चार मुलांचे चार सारखे हिस्से, प्रत्येकी १/४. ३ हेक्टर २० आर मध्ये ८० आर. जुन्या गणिताने ४० आर. फरक थेट दुप्पट आहे.

जमीन वडिलांची स्वकष्टार्जित ठरली तरी उत्तर तेच येतं. १९९८ ला पाच जणांना १/५, आई गेल्यावर १/४. त्यामुळे 'वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' या वादात ताईंनी शक्ती घालवू नये.

थोरली ९ सप्टेंबर २००५ ला हयात होती, म्हणून तिच्या शाखेचाही १/४. तिच्या हिश्श्याला फक्त मुलांची नावे लावतात, ते चूक. हिंदू स्त्रीच्या मालमत्तेत मुलांबरोबर नवराही वारस असतो (कलम १५). पण थोरली आईच्या आधी गेली, म्हणून तिच्या स्वतःच्या १/५ मधून तिघांना प्रत्येकी १/१५, आणि आईकडून येणारा १/२० फक्त तिच्या दोन मुलांना. म्हणजे नवऱ्याला १/१५, साधारण २१.३३ आर, आणि मुलांना प्रत्येकी ११/१२०, साधारण २९.३३ आर. तिला मूलबाळ नसतं तर मात्र वडिलांकडून आलेली जमीन नवऱ्याकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे परतली असती.

बांधकरीण:
आणेवारी, नमुना_सहा, आभार. आणखी एक. भाऊ म्हणतात १९९९ मध्ये तोंडी वाटप झालं, आणि बहिणींनी तलाठ्यापुढे 'आम्हाला हिस्सा नको' असा जबाब दिला होता. ताईंना तो जबाब दिल्याचं आठवत नाही.

नमुना_सहा:
समजा दिला असेल, तरी. शेतजमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. तलाठ्यापुढच्या जबाबाने मालकी हलत नाही. शिवाय हक्क सोडला असता तर नाव इतर हक्कात तरी कशाला लागलं असतं? फेरफार भावांच्या म्हणण्याच्या उलट बोलतोय, हे हरकतीत जरूर लिहा.

वाटपाचं बघा. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप कायदा उघडत नाही. तोंडी वाटप सहसा मान्य होत नाही. अपवाद म्हणून सार्वजनिक दस्तऐवजांनी ते पक्कं सिद्ध झालं तरच. म्हणून तपासा: १९९९ नंतर भावांचे सातबारे वेगळे झाले का, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चा तहसीलदारांचा वाटपाचा आदेश आहे का? गट आजही एकच आणि खातं सामाईक असेल, तर तोंडी वाटपाला पुरावा काहीच नाही.

गावठाण:
महसुलाकडचा रस्ता सांगतो, तिथेच लोक वर्षानुवर्षं फिरतात.

महसूल संहितेच्या कलम १५५ खाली 'नाव इतर हक्कातून वर घ्या' असा अर्ज करायला बरेच जण सांगतात. १५५ लेखनप्रमादासाठी आहे. भाऊ हरकत घेणार हे दिसत असताना त्याखाली मिळालेला आदेश अपिलात टिकत नाही आणि मधली दोन वर्षं वाया जातात. भाऊ लेखी संमती देत असतील तरच तो मार्ग.

त्यापेक्षा ज्या नोंदी झाल्याच नाहीत त्या आधी करा. आई आणि थोरली या दोघींच्या वारस नोंदी बाकी आहेत, हा तुमचा उघडा दरवाजा. ई-हक्कवर ऑनलाइन किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आताचं तलाठ्याचं पदनाम) अर्ज. सोबत दोघींचे मृत्यू दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा, ८अ. ताईंचं माहेरचं आणि सासरचं नाव एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र स्वतंत्र जोडा. निम्मे अर्ज इथेच परत येतात. बिनतक्रार वारस नोंदीला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. मागितला तर तशी मागणी लेखी द्या म्हणावं.

पुढे गाव नमुना ६क ला (वारस नोंदवहीत) वारसांची नोंद, मग फेरफार, नमुना ९ ची नोटीस आणि हरकतीला १५ दिवस. कोणी हरकत घेतली की प्रकरण ६अ तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. बहिणींना नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि घरातलाच कोणी ती घेतो, हे इतकं नेहमीचं आहे की अर्जातच सासरचा पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर ठळक लिहा.

१९९९ च्या फेरफारावर प्रांताकडे कलम २४७ खाली अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ६० दिवस. इतक्या वर्षांचा विलंब माफ करून घ्यायचा तर 'नोटीस बजावलीच नव्हती' हे संचिकेतून दाखवावं लागेल. नोटिशीची पोच नसेल किंवा अंगठा भलत्याचाच असेल तर अपील जरूर करा.

आणेवारी:
अपिलावर मी थोडा असहमत. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती नोंद महसूल वसुलीसाठी असते. भाऊ हिस्सा नाकारतायत म्हटल्यावर शेवट दिवाणी दाव्यातच आहे. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त असा जिना चढण्यात चार वर्षं जातील आणि वरून 'दिवाणी कोर्टात जा' एवढंच उत्तर मिळेल.

मुदतीचं भान ठेवा. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षं (मुदत कायदा, अनुच्छेद ११०). सहहिस्सेदाराचा नुसता ताबा विरोधी ताबा ठरत नाही हे खरं, पण भावांनी 'तुझा हिस्सा नाही' असं लेखी दिलं असेल तर त्या कागदाची तारीख महत्त्वाची.

दाव्यात सगळे सहहिस्सेदार पक्षकार हवेत, थोरलीचा नवरासुद्धा. एक राहिला तरी आक्षेप येतो. वाटप, ताबा, मोबदल्यातला हिस्सा आणि विक्रीला मनाई, चारही मागण्या एकाच दाव्यात. दाखल झाला की लगेच दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदवलेली नसेल तर मधल्या काळातला खरेदीदार निसटू शकतो. एक चक्कर, पण वकीलही विसरतात.

हुकूमनामा झाल्यावर शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यामार्फत होतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५४), मोजणी भूमी अभिलेखकडून. बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (यापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही) आता जिरायत २० आर, बागायत १० आर आहे. ताईंचे ७० आर (४० आर महामार्गात गेल्यावर २ हेक्टर ८० आरचा चौथा भाग) सहज बसतात. थोरलीच्या मुलांना प्रत्येकी साधारण २५.६७ आर, तेही बसतं; तिच्या नवऱ्याचे साधारण १८.६७ आर मात्र २० आरच्या खाली राहतात.

पाऊलवाट:
वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोर्ट फीच्या बाबतीत महिला पक्षकारांसाठी १९९४ ची शासन अधिसूचना आहे. ती या दाव्याला लागू करून घ्यायला वकिलाला आठवण करा.

थोडं विषयांतर: आदिवासी कुटुंबांना वरचं गणित जसंच्या तसं लावू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी आणि समानतेचं तत्त्व यांवर युक्तिवाद करावा लागतो. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मुलीच्या वारसांना समान हिस्सा दिला, तो निकाल वकिलाला दाखवा.

शेवंती_७:
हे नवऱ्याच्या जमिनीत बायकोचं नाव लावण्याच्या 'लक्ष्मी मुक्ती'त बसतं का?

गावठाण:
नाही. ती १९९२ ची योजना आहे. त्यात हयात नवरा स्वतःहून अर्ज करून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावतो. हे प्रकरण माहेरच्या वारसाचं.

बांधकरीण:
मोबदल्याच्या हरकतीत नेमकं काय लिहायचं? उद्याच द्यायची आहे. आणि 'सगळ्यांचेच पैसे अडकतील' यात तथ्य किती?

नमुना_सहा:
अडकतात, पण बुडत नाहीत. वाटणीवरून वाद असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या ३(एच)(४) प्रमाणे सक्षम प्राधिकारी तो प्रश्न मूळ अधिकारितेच्या प्रधान दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. भावांना लवकर पैसे हवे असतील तर त्यांनी हिश्श्याप्रमाणे वाटणीची संमती द्यावी. सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र प्राधिकाऱ्यासमोर झालं की कोर्टात न जाताही प्रत्येकाच्या खात्यात स्वतंत्र रक्कम येऊ शकते. घाई त्यांना आहे, हे लक्षात ठेवून बोला.

मसुदा असा:

'गट क्र. ___, मौजे ___ येथील संपादित ४० आर क्षेत्राबाबत. मी कै. ___ यांची मुलगी व कायदेशीर वारस असून फेरफार क्र. ___ अन्वये माझे नाव इतर हक्कात वारस म्हणून दाखल आहे. मी कोणतेही नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेले नाही. सदर जमिनीचे वाटप झालेले नाही. माझा अविभक्त १/४ हिस्सा आहे. मला नोटीस न देता फक्त कब्जेदार सदरी असलेल्या इसमांना मोबदला अदा करू नये. वाटणीबाबत वाद असल्याने कलम ३(एच)(४) अन्वये प्रकरण न्यायालयाकडे पाठवावे व तोपर्यंत माझ्या हिश्श्याची रक्कम अदा करू नये. सुनावणीची नोटीस खालील पत्त्यावर द्यावी.'

सोबत सातबारा, फेरफाराची नक्कल (आली नसेल तर नक्कल अर्जाची पोच), वडिलांचा मृत्यू दाखला, वंशावळ. थोरलीच्या नवऱ्याने आणि मुलांनी वेगळा अर्ज द्यावा, ताईंच्याच अर्जात सह्या करू नयेत. पुढे एकाने माघार घेतली तर दुसऱ्याची हरकत उभी राहिली पाहिजे.

प्रत आवक-जावकला देऊन क्रमांक आणि शिक्का घ्या. तीच प्रत स्पीड पोस्टानेही पाठवा, आणि संबंधित महामार्ग प्रकल्प कार्यालयालाही एक.

बांधकरीण:
उद्या देऊन येते. १९९९ च्या संचिकेची नक्कल मिळाली की इथेच नोटिशीबद्दल लिहिते.