मदत हवी आहे : अल्बेरोबेल्लोची दगडी घरं, सोबत बहात्तर वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबा आमच्याकडे म्युनिकला येतायत. मागच्या खेपेला रोम झालं. तेव्हा कलोसियमसमोर उभं राहून बाबा "हं, मोठं आहे" एवढंच म्हणाले होते. या वेळी मात्र फर्माईश त्यांचीच. इटलीतल्या अल्बेरोबेल्लो या गावाचा कुठूनतरी आलेला फोटो मला पाठवून खाली लिहिलं होतं, "चुना नाही म्हणतात. चौकशी कर."

बाबांचा जन्म गेला गुहागरकडे मास्तरकी करण्यात आणि वाडी सांभाळण्यात. आगराचा गडगा दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळायचा आणि गणपती झाले की ते स्वतः रचायला बसायचे. एकेक धोंडा हातात तीनदा फिरवायचे, मग ठेवायचे, वरून तळवा दाबून डुगडुगतो का बघायचे. डुगडुगला की फटीत कपची. सिमेंटला हात लावू देत नसत. त्यामुळे यांना ती घरं बाहेरून बघून फोटो काढायचे नाहीत, आत जाऊन छप्पर न्याहाळायचं आहे.

चौकशीत कळलं ते असं. इटलीच्या टाचेकडचा पुल्या प्रांत, त्यातलं हे गाव. शंकूच्या छपराच्या घराला त्रुल्लो म्हणतात, अनेक असले की त्रुल्ली. गावात अशी सुमारे १५०० घरं आहेत आणि १९९६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. शेतातून निघालेला चुनखडीचा दगड, जाड भिंती, त्यावर एकेक थर आत सरकवत नेलेलं छप्पर आणि बाहेरून पाणी निथळायला चपट्या दगडी फरशांचं दुसरं आवरण. खाली लाकडाचा सांगाडा नाही. पावसाचं पाणी छपरावरून घराखालच्या टाक्यात जातं, कारण त्या चुनखडीच्या मुलखात पाणी वर टिकतच नाही.

दगड सांधायला चुना का नाही, याची गोष्ट बाबांना फारच आवडली. नवी वस्ती वसवली की नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे. तो चुकवायला इथल्या जहागीरदारांनी, कोन्वेर्सानोच्या काउंटांनी, रयतेला कोरड्या दगडांचीच घरं बांधायला लावली, म्हणजे तपासणी आली की छप्पर उतरवून मोकळं, असं सांगतात. शेवटी २७ मे १७९७ ला राजा चौथा फर्दिनांद याने गावाला जहागिरीतून सोडवलं आणि मग चुना वापरलेलं पहिलं घर उभं राहिलं. बाबांचं यावर मत : "म्हणजे अतिक्रमणवाले आले की टपरी गुंडाळतात तसंच की!"

आता अडचणी. बेत असा : शुक्रवारी संध्याकाळी विमानाने बारी या जवळच्या शहरात, शनिवार तिथेच, रविवारी २७ तारखेला अल्बेरोबेल्लो, दोन रात्री त्रुल्लोतच मुक्काम, मंगळवारी मातेरा हे गुहाघरांचं शहर. बाबांचा उजवा गुडघा चढाला ठीक, उताराला कुरकुरतो. रिओने मोंती हा मुख्य भाग टेकडीवर आहे, तिथे राहावं की समोरच्या आया पिक्कोलात? गाडी भाड्याने घेणं गरजेचं आहे का? दुरुस्तीचं काम चालू असलेलं एखादं छप्पर बघायला मिळतं का? आणि आई शाकाहारी आहे, अंडंही नाही. पास्त्यावर किती दिवस काढणार?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आम्ही आया पिक्कोलात राहिलो होतो, तुम्हीही तिथेच राहा. मोंतीत हजारावर त्रुल्ली आहेत, पण खालच्या अंगाला निम्म्यांत दुकानं. शिट्ट्या, टॉवेल, चुंबक. आया पिक्कोलात साधारण चारशे, बरीचशी अजून राहती. संध्याकाळी आतून भांड्यांचे आवाज येतात. दारं ठेंगणी आहेत, बाबांना कपाळ सांभाळायला सांगा.

आतून बघायला त्रुल्लो सोव्रानो चुकवू नका, १८व्या शतकातला, दुमजली. मोंतीच्या माथ्यावर सान्त अंतोनियोचं चर्चही त्रुल्लोच्याच धाटणीचं आहे, पण ते १९२७ चं, बाबा लगेच ओळखतील. चढाने जा आणि उतरताना दुकानं बघत, थांबत थांबत या, गुडघ्याला तेच बरं.

छपराचं काम करणाऱ्या गवंड्याला तिकडे त्रुल्लारो म्हणतात. घरमालकाला हा शब्द सांगून विचारा. कोरड्या दगडाच्या रचनेची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेली आहे, लोक अभिमानाने दाखवतात.

प्रतिसाद २

रविवार बदला! एक तर बारीहून जाणाऱ्या त्या छोट्या रेल्वेमार्गावर रविवारी गाड्यांऐवजी बसवर भिस्त ठेवावी लागते. त्यात २७ सप्टेंबर म्हणजे गावच्या संतांचा, कोस्मा आणि दामियानोचा उत्सव. मिरवणूक, रोषणाई आणि तोबा गर्दी. शनिवारीच पोचा, बारी परतीच्या वेळी करा.

मातेरा वगळा असं माझं स्पष्ट मत. जागा अप्रतिम आहे, पण सास्सी, म्हणजे तिथली खडकात कोरलेली जुनी वस्ती, निव्वळ पायऱ्यांची, आणि अल्बेरोबेल्लोहून रेल्वेने जायचं तर बारीला परत यावं लागतं. त्याऐवजी त्याच मार्गावरचं पुढचं लोकोरोतोंदो करा. तिथे त्याच फरशांची छपरं आहेत, पण शंकूची नाहीत, आपल्या कौलारू घरासारखी दोन्हीकडे उतरती. दोन्ही शेजारी बघितली की बाबांना विषय मिळेल. एवढ्यासाठी गाडी नको.

आईंसाठी फावे ए चिकोरिया. सोललेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट घोटलेलं वरण, वर कडवट पालेभाजी आणि ऑलिव्ह तेल. बारीचा टोमॅटो घातलेला फोकाच्चाही चालेल. मात्र ओरेकिएत्ते हा कानाच्या पाळीसारखा पास्ता चीमे दि रापा या पाल्याबरोबर मिळतो, त्यात बऱ्याचदा खारवलेला मासा विरघळवलेला असतो. दिसत नाही. "सेन्झा अचूगे" म्हणायचं, म्हणजे मासा नको.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आया पिक्कोलात तीन रात्रींचं बुकिंग केलं, शनिवार ते मंगळवार. मातेरा रद्द. आईने डाळीचा फोटो बघून "हे तर मी घरी करीन" म्हटलंय, म्हणजे पसंत आहे.

उत्सव टाळायचा म्हणून सोमवारपासूनचं बघत होतो, पण बाबा ऐकेनात. गावात जायचं आणि गावचा उत्सव चुकवायचा, हे त्यांना पटत नाही. आता विचारतायत, तिथे नारळ चालतो का?