जलरंग नव्याने शिकताना कोणत्या संज्ञा आधी समजून घ्याव्यात आणि कोणते रंग घ्यावेत?

प्रश्न:
शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी रंगचक्र घोकले होते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा जलरंग हातात घेतले आहेत. गेल्या आठवड्यात संध्याकाळचे आकाश रंगवताना, लाल आणि निळा मिळून जांभळा होतो या भरवशावर पेटीतील व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लू एकत्र केले, परंतु तयार झाला तो चिखलासारखा तपकिरी रंग. माझे नेमके काय चुकले, व्हॅल्यू, वॉश, ग्लेझ या शब्दांपैकी कोणते आधी समजून घ्यावेत आणि सुरुवातीला किती रंग विकत घ्यावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आपली मिसळण्याची पद्धत योग्यच होती, जोडी तेवढी चुकली. प्रत्येक रंग शेजारच्या एखाद्या रंगाकडे झुकलेला असतो, आणि माझ्या मते नवशिक्याने सर्वांत आधी हा झुकाव ओळखायला शिकावे. व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकतो आणि प्रशियन ब्लू हिरव्याकडे, म्हणजे दोन्हींमध्ये पिवळ्याचा अंश असतो. पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग असल्यामुळे तो अंश जांभळ्याची झळाळी मारून टाकतो. त्याऐवजी निळ्याकडे झुकणारा क्रिमसन आणि जांभळ्याकडे झुकणारा अल्ट्रामरीन एकत्र करून पाहा; आपल्याला हवे असलेले आकाश त्यातून मिळेल.

म्हणूनच पिवळा, लाल आणि निळा यांची प्रत्येकी एक उष्ण व एक शीत, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंना झुकणारी, ट्यूब, अशा सहा ट्यूब घ्याव्यात. सातवी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाची असावी, कारण अल्ट्रामरीनमध्ये ती मिसळली की पावसाळी ढगांना शोभणारे सुंदर करडे रंग मिळतात आणि काळ्या रंगाची गरजच उरत नाही. ट्यूबवरील रंगद्रव्याचा क्रमांक अवश्य वाचावा: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. पीआर ८३ हा क्रमांक असलेला अलिझरीन क्रिमसन उजेडात फिका पडत जातो. त्यामुळे पीव्ही १९ असलेला गुलाबी अधिक भरवशाचा.

व्हॅल्यू म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा. जलरंगात तो मुख्यतः पाण्याच्या प्रमाणावर ठरतो, आणि वाळल्यावर रंग ओला असताना दिसला त्यापेक्षा फिका होतो, हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. एकाच प्रशियन ब्लूच्या, गडदापासून अगदी पुसटापर्यंत, पाच पायऱ्यांच्या पट्ट्या रोज काढाव्यात. विषयाकडे डोळे किलकिले करून पाहिल्यास त्याच पायऱ्या समोर दिसू लागतात. बाकीच्या संज्ञा हाताने करता करता कळतील. भरपूर पाण्याचा सलग हात म्हणजे वॉश, ओल्या कागदावर ओला रंग सोडणे म्हणजे वेट ऑन वेट, आणि पहिला थर पूर्ण वाळल्यावर त्यावर दिलेला पातळ पारदर्शक थर म्हणजे ग्लेझ. त्या ‘पूर्ण वाळल्यावर’मध्येच बहुतेकांचा धीर सुटतो आणि खालचा रंग उकरला जातो.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र पैसे मोजकेच असतील तर ते आधी कागदावर खर्च करावेत. साध्या ड्रॉइंगच्या कागदाला पाणी लागताच फुगवटे येतात, रंग खळग्यांत साचतो, आणि वॉश बिघडल्यावर शिकणाऱ्याला आपलाच हात वाईट वाटू लागतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद घ्यावा, त्याचे चार तुकडे करावेत आणि पाठची बाजू रंगांच्या पट्ट्यांसाठी वापरावी.