मदत हवी आहे: न्यूयॉर्कमधील पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आणि तडजोडी एकाच अधिकाऱ्याच्या आहेत हे कसे ताडून पाहावे?

नमस्कार.

आम्ही क्वीन्समध्ये राहतो. शेजारच्या मराठी कुटुंबातील एकोणीस वर्षांच्या मुलाला सात आठवड्यांपूर्वी रस्त्यात अडवून, भिंतीवर दाबून त्याची झडती घेण्यात आली. काहीच सापडले नाही, तेव्हा अधिकाऱ्याने आपले नाव आणि बिल्ला क्रमांक असलेले कार्ड देऊन त्याला जाऊ दिले. मुलाचा खांदा अजून दुखतो. शहराकडे भरपाई मागायची असल्यास 90 दिवसांच्या आत दाव्याची नोटीस द्यावी लागते, म्हणजे सहा आठवडेही उरलेले नाहीत.

1976 पासून लागू असलेले '50-ए' हे गोपनीयतेचे कलम जून 2020 मध्ये रद्द झाल्यामुळे सीसीआरबी, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणारे नागरी मंडळ, यांच्या संकेतस्थळावर जुन्या तक्रारीही पाहता येतात. या अधिकाऱ्याच्या नावावर तेथे चार तक्रारी आहेत, परंतु एकही 'सिद्ध' नाही. मुलाचे वडील यावरून अधिकारी निर्दोष असल्याचे मानून खचले आहेत. मला ते पटत नाही, कारण घटना घडलीच नाही, घडली पण नियमात बसणारी होती, आणि पुराव्याअभावी निर्णय देता आला नाही, हे तीन वेगवेगळे निष्कर्ष आहेत, आणि चारपैकी तीन तक्रारी शेवटच्या प्रकारातल्या आहेत.

शहराचा विधी विभाग पोलिसांविरुद्धच्या दिवाणी दाव्यांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध करतो. तीत याच आडनावाच्या अधिकाऱ्याविरुद्धचा एक दावा तडजोडीने मिटलेला दिसतो. मात्र आडनाव फार प्रचलित आहे आणि बढतीनंतर बिल्ला क्रमांक बदलतो, त्यामुळे हाच तो माणूस, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तडजोडीची रक्कम शहराच्या तिजोरीतून जाते आणि तीत सहसा दोष मान्य केलेला नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ही नोंद वकिलापुढे ठेवण्यापूर्वी तिची खात्री करणे मला आवश्यक वाटते; चुकीच्या माणसावर ठपका ठेवणे हाही अन्यायच ठरेल.

या दोन नोंदी कोणी ताडून पाहिल्या आहेत का? न्यायालयातील मूळ दावापत्र मिळवणे सोपे, की राज्याच्या माहिती कायद्याखाली शहराकडे अर्ज करणे? तसेच, मंडळापुढे आधी दिलेला जबाब पुढे दाव्यात मुलाच्या विरुद्ध वापरला जाऊ शकतो का? वकिलाची भेट येत्या गुरुवारी ठरली आहे, तेव्हा त्यापूर्वी कोणी अनुभव सांगितल्यास फार उपकार होतील. संबंधितांची नावे मी येथे देणार नाही.