मॅकवर गेमिंग: एम४ एअर पुरेल, की प्रो घ्यावा, की नादच सोडावा?

कॅनव्हासकिडा
व्हिडिओ एडिटिंगसाठी मॅक घ्यायचा हे ठरलेलं आहे. गेमसाठी वेगळा विंडोज पीसी ठेवायला जागा नाही. एम४ चिपचा मॅकबुक एअर (१६ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोरेज) आणि एम४ प्रो चिपचा १४ इंची मॅकबुक प्रो यांत अडकलोय. गेमची यादी: बॉल्डर्स गेट ३, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, व्हॅलोरंट आणि स्टीमवर आधीच घेतलेला पोर्टल २. यातलं काय चालेल? निव्वळ गेमसाठी प्रोचे जादा पैसे वसूल होतात का?

शेडरशास्त्री
निव्वळ गेमसाठी मॅक घेऊ नये, हे माझं मत आधीच सांगून टाकतो. पण तुमचा मॅक ठरलेलाच आहे, तर यादीतला एकेक गेम बघू.

बॉल्डर्स गेट ३ ची मॅक आवृत्ती अ‍ॅपल सिलिकॉनसाठीच (त्यांच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपसाठी) बांधलेली आहे. बिनघोर घ्या. फक्त तिसऱ्या अंकातल्या शहरात एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतो. तो विंडोजवरही पडतो, कारण तिथे भार सीपीयूवर येतो.

सायबरपंक जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला. १६ जीबी मेमरी ही किमान अट आहे. ग्राफिक्समध्ये त्या-त्या मॅकसाठी तयार केलेला प्रीसेट (आधीच जुळवलेल्या सेटिंग्जचा संच) मिळतो, सुरुवात त्यानेच करा. साध्या एम४वर ३० एफपीएसचा हिशेब धरा. रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर एम३पासून आलंय, पण साध्या चिपवर ते बंदच ठेवलेलं बरं.

एल्डन रिंगची मॅक आवृत्ती नाही. क्रॉसओव्हर या विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालतो, पण ऑफलाइन. त्याचा अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारा प्रोग्राम) तिथे सुरू होत नाही, त्यामुळे को-ऑप (इतरांसोबत मिळून खेळणं) आणि इतर खेळाडूंचे संदेश विसरा.

व्हॅलोरंट सोडून द्या. त्याचा अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर बसवतो, आणि मॅकवर तो कर्नलच नाही. कुठलीही जुगाड इथे लागू पडत नाही. काउंटर-स्ट्राइक २ मनात असेल तर तोही मॅकवर नाही.

पोर्टल २ ची मात्र गंमत आहे. त्याची मॅक आवृत्ती ३२ बिट, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकओएसने ३२ बिट बंद केलं. म्हणजे मॅकसाठी काढलेली आवृत्ती मॅकवर चालत नाही, आणि विंडोजची आवृत्ती क्रॉसओव्हरमध्ये मजेत चालते! स्टीमच्या पानावर सफरचंदाचं चिन्ह दिसलं म्हणून विकत घेऊ नका. खाली कॅटालिनाबद्दलची सूचना आहे का ते आधी वाचा.

थंडगार_थ्रॉटल
हार्डवेअरचं मी सांगतो. एअरला पंखा नाही. पहिली काही मिनिटं तो साध्या एम४वाल्या मॅकबुक प्रोइतकाच पळतो, मग चिप तापते आणि क्लॉक (चिपचा वेग) खाली येतो. म्हणून पाच मिनिटांच्या बेंचमार्कच्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका, अर्ध्या तासानंतरचा एफपीएस बघा. एअरवर खेळायचंच असेल तर गेममध्ये ३० किंवा ४० ची मर्यादा घाला. ६० च्या मागे लागलात तर आधी ६०, मग ४५, मग पुन्हा ५२ असे हेलकावे बसतात, आणि ते डोळ्यांना स्थिर ३० पेक्षा जास्त खुपतात.

एम४ची मेमरी बँडविड्थ सेकंदाला १२० जीबी, एम४ प्रोची २७३. जीपीयूचे कोअर साध्या एम४मध्ये ८ किंवा १०, प्रोमध्ये १६ किंवा २०. रिझोल्यूशन वाढवल्यावर खरा फरक इथे पडतो.

मेमरीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. मॅकमध्ये सीपीयू आणि जीपीयू एकाच मेमरीतून खातात. १६ जीबी मेमरी आणि शिवाय ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीशी १६ जीबीच्या मॅकची बरोबरी करू नका. टेक्स्चर 'अल्ट्रा'वर नेलं की मॅकओएस मेमरीतला डेटा एसएसडीवर हलवू लागतं (स्वॅप), आणि वळताना झटके बसतात. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख पिवळा झाला की टेक्स्चर एक पायरी खाली घ्या. मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि अ‍ॅपल सिलिकॉनवर बाहेरचं ग्राफिक्स कार्डही चालत नाही, म्हणून एडिटिंग धरून २४ जीबी घ्या.

२५६ जीबीत मात्र तुमचं भागणार नाही. एकटा बॉल्डर्स गेट ३ दीडशे जीबी मागतो. बाहेरची एनव्हीएमई एसएसडी घ्या, एपीएफएसमध्ये (मॅकच्या स्वतःच्या फाइल पद्धतीत) फॉरमॅट करा आणि स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली तिला जोडा. एक्सफॅट ठेवलीत तर परवानग्यांच्या भानगडीत काही गेम उघडतच नाहीत.

बाटलीबाज
क्रॉसओव्हर पहिल्यांदाच वापरणार असाल तर:

१. १४ दिवसांची चाचणी मोफत आहे. आधी तीच वापरा.
२. नवी बॉटल (क्रॉसओव्हरमधला विंडोजचा वेगळा कप्पा) करा, प्रकार विंडोज १० किंवा ११, ६४ बिट. तीत विंडोजचं स्टीम बसवा. मॅकचं स्टीम वेगळंच राहू द्या, त्यात फक्त मॅकचे गेम उतरतात.
३. डायरेक्टएक्स ही विंडोजची ग्राफिक्स पद्धत, ती मॅकला कळेल अशी करणारे पर्याय बॉटलच्या सेटिंगमध्ये असतात. डायरेक्टएक्स १२ च्या गेमसाठी डी३डीमेटल निवडा. डायरेक्टएक्स ११ चा गेम त्यावर रुसला तर डीएक्सएमटी, मग डीएक्सव्हीके. पोर्टल २ डायरेक्टएक्स ९ वर चालतो, त्याला डी३डीमेटलचा काही उपयोग नाही. सोबत एमसिंक (सीपीयूवरचा ताण कमी करणारा पर्याय) चालू ठेवा.
४. पर्याय बदलल्यावर बॉटल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. इथे बरेच जण फसतात. स्टीम मागे चालूच राहतं आणि बदल लागूच होत नाही.

पहिला अर्धा तास शेडर (ग्राफिक्ससाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तेव्हा गेम अडखळतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नका. मात्र स्टीमवर पैसे परत मिळायला खेळ दोन तासांच्या आत आणि खरेदी चौदा दिवसांच्या आत असावी लागते. त्यामुळे घड्याळावर लक्ष ठेवा.

मॅकओएस १५ किंवा पुढचं हवं. त्यात रोझेटाला (इंटेलसाठीचे प्रोग्राम एम चिपवर चालवणारा मॅकओएसचा भाग) इंटेल प्रोसेसरच्या एव्हीएक्स२ सूचना कळू लागल्या. त्याआधी काही नवे गेम सुरू होताक्षणी बंद पडायचे.

कॅनव्हासकिडा
आभार. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज टाकलं तर व्हॅलोरंट चालेल का? आणि रोझेटा बंद होणार म्हणतात ते काय?

शेडरशास्त्री
नाही चालणार. पॅरलल्समध्ये एआरएम प्रकारच्या चिपसाठीचं विंडोज बसतं. त्यात डायरेक्टएक्स १२ नाही, आणि कर्नल पातळीचे अँटी-चीट व्हर्च्युअल मशीन ओळखून दार लावतात. अ‍ॅपल सिलिकॉनवर बूट कॅम्पही (मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करण्याची सोय) नाही.

रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील. त्यानंतर काही जुन्या गेमपुरता त्याचा भाग ठेवू, असं अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय. त्यामुळे मॅक आवृत्ती असलेल्या गेमच्या फाइंडरमधल्या 'गेट इन्फो'त प्रकार बघा. 'युनिव्हर्सल' किंवा 'अ‍ॅपल सिलिकॉन' असेल तर चिंता नाही. नुसतं 'इंटेल' असेल तर मॅकओएस २८ वर जाण्याआधी त्या गेमची चौकशी करा.

लॅगलागट
क्लाउडचं कुणी बोललंच नाही. जीफोर्स नाऊ ही गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून चित्र इंटरनेटवरून पाठवणारी सेवा, तिचं मॅकसाठी अ‍ॅप आहे. १०८०पी, ६० एफपीएसला २५ एमबीपीएस लागतात. पण वेगापेक्षा लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा उशीर) महत्त्वाची: ८० मिलिसेकंदांच्या आत हवी, ४० च्या आत असली तर उत्तम. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, जमलं तर इथरनेट. गेम तुमच्याच स्टीम खात्यातले चालतात, पण सगळे नाहीत, त्यामुळे त्यांची यादी आधी तपासा.

आणि मॅक हातात आला की लगेच दोन गोष्टी बदला. कीबोर्ड शॉर्टकट्समधल्या मिशन कंट्रोलमध्ये कंट्रोल आणि बाणाच्या जोड्या बंद करा. नाहीतर कंट्रोल दाबून दबकत चालताना बाणाची कळ लागली की भलताच डेस्कटॉप समोर येतो. माउसच्या प्रगत सेटिंगमधलं पॉइंटर अ‍ॅक्सिलरेशनही घालवा. मॅकओएसचा गेम मोड (गेमला प्राधान्य देणारा) फक्त फुलस्क्रीनमध्ये आपोआप लागतो, खिडकीत खेळलात तर लागत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर वापरणार असाल तर गेम मोड हवाच, त्याने कंट्रोलरचा प्रतिसाद जलद होतो.

रिझोल्यूशनही हाताने खाली आणा. १४ इंची प्रोचा पडदा ३०२४ × १९६४ चा आहे, आणि बरेच गेम सुरुवातीला तेच पकडून बसतात. १९२० × १२०० च्या आसपास ठेवून मेटलएफएक्स (कमी रिझोल्यूशनचं चित्र वाढवून दाखवणारी सोय) लावलंत तर इतक्या लहान पडद्यावर खेळताना फरक फारसा जाणवत नाही.