सोलर ड्रायरचा नमुना तयार आहे. बेदाण्याच्या हंगामाआधी सरकारी मदत कशी मिळवायची?

ट्रे_आणि_जाळी
सांगलीजवळ कुपवाडला फॅब्रिकेशनचं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचं). बेदाणा आणि हळदीसाठी सोलर ड्रायर केलाय. २४ चौ. मी. एअर कलेक्टर (उन्हावर हवा तापवणारा), खोलीत ट्रे, पॅनलवर थेट चालणारे डीसी पंखे. पत्रकावर ‘१ टन द्राक्षं ३ दिवसांत’ असं छापायचा विचार आहे. अनुदान नक्की कुठल्या योजनेतून मिळेल? तासगाव भागातले शेडवाले (उघड्या शेडमध्ये वाऱ्यावर बेदाणा वाळवणारे) पहिला प्रश्न ‘सबसिडी किती’ हाच विचारतात.

कृष्णाकाठचा_इंजिनिअर
अनुदानाचं नंतर बघू. आधी तो १ टनाचा आकडा पत्रकावरून काढा.

४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा धरला, तर १ टनातून ७५० किलो पाणी उडवावं लागतं. किलोमागे सुमारे २.४ मेगाज्यूल, म्हणजे एकूण १८०० मेगाज्यूल किंवा ५०० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता. मार्चमध्ये आपल्याकडे दिवसाला चौ. मी.मागे ६ युनिट ऊन धरा आणि सगळी गळती वजा करून ३५ टक्के हाती लागतं असं समजा. तुमच्या २४ चौ. मी.ला दिवसाला ५० युनिट मिळतात. म्हणजे १ टनाला १० दिवस. ३ दिवसांत होतील ती ३०० किलो द्राक्षं, बेदाणा ७५ किलो. योजनेच्या छाननीला बसणारा तज्ज्ञ हे गणित पाच मिनिटांत करतो आणि मग बाकीचा अर्ज वाचतच नाही.

दुसरं, तुमची स्पर्धा डिझेलच्या ड्रायरशी नाही, शेडशी आहे. शेडला इंधन लागत नाही, १२-१५ दिवसांत माल निघतो आणि एका वेळी कितीतरी टन बसतो. तिथं ड्रायर विकायचा तर शेवटच्या टप्प्यासाठी विका. शेडमध्ये ओलावा ३० टक्क्यांवर आला की तिथून १५ पर्यंत आणायला १०० किलो तयार बेदाण्यामागे जेमतेम २१-२२ किलो पाणी काढायचं असतं. कागदावर तुमचा ड्रायर दिवसाला ३०० किलो उरकेल. पण शेवटचं पाणी मण्याच्या आतून सावकाश येतं, म्हणून दोन दिवस धरा. घाईनं तापमान चढवलं तर वरची साल आवळते आणि आत ओल राहते.

आणि खरी मेख इथं आहे: अवकाळी पावसाच्या भीतीनं माणूस ड्रायर घेणार, आणि पाऊस येतो त्या दिवशी ऊनच नसतं. पॅनलवर थेट जोडलेला पंखाही तेव्हाच मंदावतो. बायोमास बर्नर जोडा, पण हीट एक्स्चेंजरमधून. धूर मालाला लागता कामा नये. पंख्यांना छोटी बॅटरी द्या.

ट्रे_आणि_जाळी
हिशोब पटला, पत्रक थांबवतो. बर्नरचा खर्च वाढेल, तो कशातून काढू?

फाईल_नंबर_सात
दादा, तुमची पायरी कुठली ते आधी ठरवा. नमुना सुधारायचा असेल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना आहे. कमाल १० लाख, व्यक्तीही अर्ज करू शकते, अर्ज प्रयास केंद्रामार्फत (योजना राबवणाऱ्या इनक्युबेटर संस्थेमार्फत) जातो. पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि ते नमुन्यासाठीच असतात. कारखान्याची मशिनरी किंवा जाहिरात त्यात बसत नाही.

केंद्राची ‘स्टार्टअप’ मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशी संस्था लागते. चालू धंद्याचा तुकडा पाडून काढलेली संस्थाही चालत नाही, त्यामुळे फक्त पाटी बदलून भागणार नाही.

उत्पादनाला पीएमईजीपी (केंद्राची रोजगारनिर्मितीसाठी कर्जाला जोडलेली अनुदान योजना, ठरलेली मुदत २०२५-२६ पर्यंतची): प्रकल्प खर्च कमाल ५० लाख, सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ टक्के, शहरी भागात १५. तुमची जागा महापालिका हद्दीत असेल तर १५ च धरा. आणि हे फक्त नव्या युनिटला मिळतं, चालू युनिटचा विस्तार म्हणून गेलात तर पहिल्याच खिडकीवर परत.

पेटंट करण्याजोगं काही असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

वेळेचं गणित उलटं मांडा. माल फेब्रुवारी ते एप्रिलच. हप्ता जूनमध्ये आला तर चाचणीचं अख्खं वर्ष गेलं. बर्नरसह एक तरी ड्रायर जानेवारीत उभा राहील एवढे पैसे स्वतःचे किंवा बँकेचे हाताशी ठेवा.

वाळवण
शेडवाले सबसिडी विचारतात ती त्यांची, तुमची नव्हे. प्रक्रिया करणाऱ्याला पीएमएफएमईतून (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) ३५ टक्के, कमाल १० लाख. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याजसवलत. दोन्ही कर्जाला जोडलेल्या आहेत, ठरलेली मुदत २०२५-२६ पर्यंतची. पीएमएफएमईचं अनुदान तर ३ वर्षं बँकेतच अडकून असतं. त्यामुळे कोटेशनमध्ये ‘सबसिडी वजा जाता किंमत’ लिहू नका. ती मंजूर झाली नाही तर भांडण तुमच्याशी.

बँक मॅनेजर विचारणार, वर्षातले किती दिवस चालणार? नुसत्या बेदाण्यावर कर्ज बसत नाही. हळदीचा हंगामही त्याच महिन्यांत येतो, तो धरून फायदा नाही. साताऱ्याकडचं आलं सुंठीसाठी, शेवग्याचा पाला, कांदा असं काही दाखवा. एस४एस टेक्नॉलॉजीज या सोलर ड्रायरच्या कंपनीनं नुसते ड्रायर विकले नाहीत, वाळवलेल्या मालाला गिऱ्हाईकही जोडून दिलं. त्यांना २०२३ चं अर्थशॉट हे पर्यावरणाचं पारितोषिक मिळालं.

कृष्णाकाठचा_इंजिनिअर
वाळवणचं बरोबर. हळदीच्या चाचणीसाठी कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राला विचारा. त्यांच्या अहवालाला बँकेत तुमच्या पत्रकापेक्षा जास्त वजन.

नोंद घेताना एक ताट ड्रायरमध्ये आणि एक त्याच बागेच्या, त्याच दिवशी वाळवणीआधीच्या द्रावणात बुडवलेल्या द्राक्षांचं शेडमध्ये. दर दोन तासांनी वजन, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान व आर्द्रता, पंख्याचा व्होल्टेज. सेन्सर ट्रेच्या मधोमध नको, एक हवा आत शिरते तिथं आणि एक बाहेर पडते त्या तोंडाशी लावा.

जुना_फिटर
खोलीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरलाय का? बेदाण्याला गंधकाची धुरी त्याच खोलीत देणार असाल तर जस्त लवकर जाईल आणि पांढरी पूड ट्रेवर पडेल. ट्रे आणि आतली बाजू ३०४ स्टेनलेसची करा, धुरीला वेगळी पेटी ठेवा. छत सपाट असेल तर पहाटे थेंब साचून मालावर पडतात. उतार द्या, कडेला पन्हळ लावा आणि पंखे बंद झाले की झडपा बंद करा.

ट्रे_आणि_जाळी
जीआयच आहे. छतही सपाट. उद्या उघडतो.