मदत हवी आहे : सहकारी शिक्षकांची एआयबद्दलची भीड कशी चेपेल?

खडूची धूळ

नमस्कार मंडळी,

मी शाळेत विज्ञान शिकवते. संगणक बऱ्यापैकी हाताळता येतो, एवढ्या भांडवलावर सहकाऱ्यांना एआय शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. याआधी बाहेरून एक व्याख्याते येऊन गेले. पडद्यावर मिनिटभरात टाचण तयार, कविता तयार, चित्रसुद्धा तयार. सगळे थक्क झाले, टाळ्याही जोरात पडल्या. नंतर कुणी त्या वाटेला फिरकलं नाही. मला तसलं प्रात्यक्षिक पुन्हा करायचं नाही.

आमच्या शिक्षकखोलीत साधारण तीन तऱ्हा दिसतात. काही जण नुसते बिचकतात. काय टाइप करायचं, चुकीचं विचारलं तर हसं होईल का, आपण विचारलेलं आणखी कुणाला दिसतं का, इथंच त्यांची गाडी अडते. काही जण उलट फारच लवकर रुळले. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तिथून काढतात आणि न वाचता छापायला देतात. मला खरी काळजी यांचीच वाटते. तिसरे आमचे मराठीचे सर, निवृत्तीला आलेले. ते सरळ म्हणाले, "पोरं निबंध तिथून उतरवून आणतात आणि तुम्ही मलाच ते शिकायला सांगताय?" यावर मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही वाटत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. पहिल्या बैठकीत नेमकं काय करून घ्यावं? निबंध मुलाने लिहिला की यंत्राने, हे ओळखणारी सॉफ्टवेअर मिळतात म्हणे, ती सरांना दाखवावीत का? आणि मुलांची माहिती तिथे घालण्याबाबत काय पथ्यं पाळावीत?

कृपया "हे वीस प्रॉम्प्ट (एआयला द्यायच्या सूचना) पाठ करा" छापाच्या याद्या नकोत. तशा पुष्कळ येऊन पडल्या आहेत.

---

टाचणवही

ताई, पहिल्या बैठकीत संगणक सुरूच करू नका.

प्रत्येकाच्या विषयातला एखादा मुरलेला पाठ निवडा, वर्षानुवर्षं शिकवून तोंडपाठ झालेला. त्यावर एआयकडून आदल्या दिवशी दहा प्रश्न आणि नमुना उत्तरं काढा, कागदावर छापा आणि ज्याच्या त्याच्या हातात देऊन म्हणा, तपासा. लाल पेन प्रत्येकाकडे असतंच. कुठे उत्तर चुकलेलं सापडेल, कुठे प्रश्न मोघम, कुठे इयत्तेच्या डोक्यावरून जाणारा. बिचकणाऱ्या माणसाला तिथेच कळतं की या यंत्रापुढे आपण परीक्षार्थी नाही, परीक्षक आहोत. न वाचता छापणाऱ्यांनाही परस्पर समज मिळते, तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

मराठीच्या सरांना वेगळा कागद द्या: एआयला कवितेच्या चार ओळी देऊन वृत्त ओळखायला लावलं, तेव्हा आलेलं उत्तर. ही यंत्रं मजकूर अक्षराअक्षराने वाचत नाहीत, तुकड्यातुकड्याने घेतात आणि पुढे काय येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत जातात. त्यामुळे लघु-गुरू मोजताना वारंवार अडखळतात. मात्र अडखळल्याचा मागमूस सुरात नसतो. चुकीचे गण पाडून "म्हणून हे वृत्त भुजंगप्रयात" असं ठणकावून सांगतील. सरांना ते तपासायला मजा येईल.

---

कोपऱ्यातला बाक

टाचणवहींशी अर्धा सहमत. नुसत्या चुका दाखवल्या तर नाकं मुरडणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल: "बघा, सांगत होतो ना, खोटारडं आहे." म्हणून त्याच बैठकीच्या उत्तरार्धात तासाभराचं काम दहा मिनिटांत होताना त्यांना स्वतःच्या हाताने दिसायला हवं.

माझ्या अनुभवात सगळ्यात पटकन पटतं ते बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय. बरोबर उत्तर आपल्याला येतंच, पण पटण्याजोगे तीन चुकीचे पर्याय शोधताना डोकं शिणतं. तुम्ही विज्ञानाच्या आहात म्हणून त्यातलंच उदाहरण देतो. असं लिहून बघा:

"मी सातवीला विज्ञान शिकवते. ऋतू का होतात यावर पाच बहुपर्यायी प्रश्न दे. प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या नेहमीच्या गैरसमजातून आलेला असावा, उदाहरणार्थ उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. कोणत्या पर्यायामागे कोणता गैरसमज आहे ते खाली लिही. भाषा साधी, वाक्यं छोटी."

यात जादूचे शब्द काहीच नाहीत. नव्या बदली शिक्षकाला आपण जे सांगू तेच सांगितलं आहे: वर्ग कोणता, कशासाठी, मुलं कुठे चुकतात. आलेलं पसंत नसेल तर "तिसरा प्रश्न फार सोपा झाला, बदल" एवढं म्हणायचं. हे दुसऱ्यांदा सांगणंच बहुतेकांना माहीत नसतं. पहिलं उत्तर आलं की पटलं तर घेतात, नाहीतर बंद करतात. माझ्या मते प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

आणखी एक, जे प्रशिक्षण देणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. पुष्कळांची अडचण एआय नसतेच, मराठी टायपिंग असते. एकेक अक्षर शोधत तीन ओळी लिहायच्या म्हणजे शिक्षा. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायला शिकवा. विरामचिन्हं नसली, एखादा शब्द चुकीचा उमटला तरी काम भागतं. निम्मी भीती तिथेच जाते.

आणि कृपा करून माउस तुम्ही हातात घेऊ नका. "थांबा, मी करून देते" म्हटलं की समोरचा माणूस पुन्हा प्रेक्षक होतो.

---

निळी शाई

ती ओळखणारी सॉफ्टवेअर सरांना दाखवू नका, असं मी ठामपणे सांगेन. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने यंत्राचा ठरवला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतलं. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. साधी शब्दसंपत्ती आणि सरळ वाक्यं दिसली की संशय. म्हणजे ज्या मुलाने प्रामाणिकपणे, मोजक्या शब्दांत लिहिलं त्याच्यावरच आळ. असल्या आकड्यावरून मुलाला उभं करणं मला मान्य नाही.

सरांचा आक्षेप मात्र खरा आहे, तो मोडून काढायच्या भानगडीत पडू नका. तुर्कस्तानात एका हायस्कूलच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात ज्यांना चॅटजीपीटीसारखं साधन मोकळेपणाने वापरू दिलं, त्यांनी सराव ४८ टक्के चांगला केला. नंतर ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा हेच १७ टक्के मागे पडले. तिसऱ्या गटाला असं रूप दिलं होतं जे उत्तर न देता शिक्षकांनी आखलेल्या इशाऱ्यांवर चालायचं. त्या गटात हे नुकसान जवळजवळ दिसलं नाही.

इशारे लिहिले शिक्षकांनी, हे सरांना सांगा. मूल कुठे अडेल आणि तिथे किती सांगून थांबायचं, हे पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्यालाच कळतं. त्यांनाच एक काम द्या: निबंधाचा असा गृहपाठ आखा जो यंत्राकडून उतरवून भागणार नाही. वर्गात बसून कच्चा खर्डा, मग घरी पक्का, आणि शेवटी दोन मिनिटं तोंडी विचारणा. किंवा यंत्राचा निबंध फळ्यावर लावून मुलांकडून त्याची चिरफाड. यासाठी सरांना स्वतः एआय वापरावंसं वाटलं तर वापरतील, नाही वाटलं तरी काही अडत नाही. सगळ्यांनी वापरलंच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

---

टाचणवही

चिरफाडीची कल्पना झकास, चोरतोय.

---

तिसरी घंटा

पथ्यांबद्दल थोडक्यात. मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, फोटो, आजार, घरची परिस्थिती यांतलं काहीही घालायचं नाही. प्रगतिपुस्तकाचे शेरे लिहून घ्यायचे असतील तर "एक विद्यार्थी, वाचन चांगलं, लेखनात आळस" एवढंच द्यावं आणि नाव नंतर हाताने लिहावं. उत्तरपत्रिकेचा फोटो टाकण्याआधी नावाची पट्टी झाकावी, लोक हे हमखास विसरतात. तुमचं संभाषण यंत्राच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याची सोय बहुतेक सेवांच्या सेटिंगमध्ये असते, पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून ती लावून घ्या. मुलांच्या हाती द्यायचा प्रश्न आला तर युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ सुचवलं आहे.

वरिष्ठांना कागद दाखवावा लागणार असेल तर युनेस्कोनेच २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा काढला आहे. १५ क्षमता, तीन पायऱ्या. तुमच्या बैठका पहिल्या पायरीच्या आहेत असं निर्धास्त लिहा.

---

खडूची धूळ

सगळ्यांचे आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कागद तपासायला देण्याची कल्पना पक्की. कोपऱ्यातला बाक, टायपिंगचं तुम्ही म्हणालात ते वाचून एकदम काही चेहरे डोळ्यांपुढे आले. ज्यांना मी बिचकणारे म्हणत होते त्यांतले बरेच जण खरं म्हणजे फोनवर मराठी लिहायलाच कंटाळतात. माइकपासून सुरुवात करते.

सरांशी आज बोलले. तुर्कस्तानचं ऐकून म्हणाले, "मग मी काय वेगळं म्हणत होतो?" पण वृत्ताचा कागद मागून घेतला आहे. गृहपाठाचं काम त्यांच्यावर सोपवते.

एक शंका उरली. वरून सूचना आहे की बैठक एकदाच, सभागृहात, सगळ्यांची एकत्र व्हावी, म्हणजे हजेरी आणि फोटो एकदम उरकतात. मला विषयवार चार-पाच जणांचे गट हवे आहेत, मोकळ्या तासाला अर्धा-अर्धा तास. हे कुणी पटवून दिलं आहे का? कसं?

---

कोपऱ्यातला बाक

भांडू नका. सभागृहातली बैठक त्यांना हवी तशी होऊ द्या, तिथे फक्त कागद तपासणी घ्या. ती गर्दीतही छान होते आणि फोटोही चांगले येतात, सगळे खाली मान घालून लिहिताना. तिथेच विषयवार बसवा. उठताना प्रत्येक गटाने पुढचा मोकळा तास आपसात ठरवून तुम्हाला चिठ्ठी द्यायची. ते ठरलं की वेगळी परवानगी कुणी मागत बसत नाही.